विभाग 'ब' मधली अकरा नावं

१

सोमवारी सकाळी बाळापूरहून फोन आला, तेव्हा केशवराव धनोकार अकोल्यातल्या आपल्या घरी वर्तमानपत्रातल्या चुका लाल पेनाने खुणावत बसले होते. हा त्यांचा रोजचा उद्योग. छत्तीस वर्षं तहसील कचेरीत काढली, त्यातली शेवटची नऊ अव्वल कारकून म्हणून. दुसऱ्याची चूक सापडली की त्यांना चहा जरा जास्तच गोड लागायचा.

फोनवर धाकट्या भावाची बायको पार्बताबाई होती. तिचा आवाज पार बसला होता.

"दादाजी, पुस्तक पाह्यलं काय? पान एकशे अठरा काढा."

पुस्तक म्हणजे समाजमंडळाची परिचय पुस्तिका. अमरावती आणि अकोल्याकडच्या बागायती घरांतल्या लग्नाच्या मुलामुलींची नावं दरवर्षी तिच्यात छापली जायची. तिचे दोन भाग होते. विभाग 'अ' मध्ये पहिलं लग्न करणारे, विभाग 'ब' मध्ये घटस्फोटित, विधवा आणि विधुर. केशवरावांनी पान काढलं. विभाग 'ब', तिसरं नाव: वर्षाली भगवंतराव धनोकार, एम.एस्सी., वय सव्वीस.

वर्षाली ही पार्बताबाईची मुलगी, त्यांची सख्खी पुतणी. तिचं लग्न कधी झालंच नव्हतं.

"रिद्धपूरचा फोन आलता," पार्बताबाई म्हणाली. "गजेंद्रच्या बाबाचा. म्हणे आधीच सांगतलं असतं तर आमी काही म्हटलं नसतं, पण लपवून काहून ठेवलं. अन् फोन ठेवून देला."

गजेंद्रशी सोयरीक जवळजवळ ठरलेली होती. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख तेवढी काढायची राहिली होती.

दुपारपर्यंत आणखी फोन आले. विभाग 'ब' मध्ये एकूण एकोणीस नावं होती आणि त्यांतली अकरा चुकीची निघाली. अकराही बाळापूर तालुक्यातली. अमरावतीकडचं एकही नाव चुकलं नव्हतं. केशवरावांचा पारा चढला. एखादं नाव चुकून इकडचं तिकडे जातं, हे त्यांना मान्य होतं. पण एकाच तालुक्याची अकरा नावं आपल्या पायाने चालत जात नाहीत.

मंडळाचे अध्यक्ष खुशालराव यांनी अमरावतीहून फोन करून चौकशी त्यांच्याच गळ्यात घातली. "तुमी कचेरीतले माणूस. रविवारच्या सभेत अहवाल मांडा. तुमी ज्याचं नाव घेसान, त्याच्यावर कारवाई."

केशवरावांनी पहिला हुकूम तिथल्या तिथे सोडला. नावांची फाईल पेनड्राइव्हवर घ्यायची, कॉम्प्युटरवरची प्रत काढून टाकायची आणि पाकिटाला लाख लावून ते अकोल्याला पाठवायचं. संध्याकाळच्या बसने पाकीट आलं. पुराव्याला कोणी हात लावू नये म्हणून त्यांनी ते कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. या खबरदारीचा त्यांना फार अभिमान वाटला.

"नावं विभागात लावायचं काम कोणाकडं होतं?" त्यांनी खुशालरावांना विचारलं.

"एकाच बाईकडं," खुशालराव म्हणाले आणि आवाज खाली आणत पुढे म्हणाले, "तिची गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाई. या तुमी."

२

मंगळवारी अमरावतीला मंडळाच्या इमारतीचा जिना चढतानाच खुशालरावांनी ती गोष्ट सांगून टाकली. बाईचं नाव पौर्णिमा. वय चौतीस. दोन वर्षं सासरी नांदून परत आलेली. मंडळाच्या खोलीत ती कॉम्प्युटरचा क्लास चालवायची आणि त्या बदल्यात पुस्तिकेचं काम करून द्यायची.

"सोभावानं चांगली आहे," खुशालराव म्हणाले. "पण जिचं मोडलं, तिच्या मनात काय चालते ते कोणाले दिसते? तुमी नाव घेतलं तर खोली खाली करून घ्यावी लागन. तिचं पोट त्याच्यावरच आहे, म्हणून म्हटलं नीट पाहा."

केशवराव नीट पाहायलाच आले होते. फक्त काय दिसायला हवं, ते त्यांनी जिन्यातच ठरवून टाकलं होतं.

खोलीत सहा कॉम्प्युटर होते आणि कोपऱ्यात पाण्याचा माठ. पौर्णिमेने त्यांना पाणी दिलं, समोर कोरा कागद ओढला आणि न विचारता समजावून सांगायला लागली.

"काकाजी, सहाशे बेचाळीस नावं होती. एकेक वाचून विभाग लावत बसले असते, तर महिना गेला असता. म्हणून एक्सेलमध्ये सूत्र लावलं. एच रकान्यात पूर्वीच्या लग्नाचा तपशील आहे, आय रकान्यात अपत्यं. सूत्र एवढंच विचारतं की एच मध्ये काही लिहिलेलं आहे का, किंवा आय मध्ये काही लिहिलेलं आहे का. दोन्हींपैकी एका ठिकाणी जरी काही असलं तर 'ब'. दोन्ही रिकामे असले तरच 'अ'."

"'किंवा' काहून? 'आणि' काहून नाई?"

प्रश्न त्यांनी दरडावण्यासाठी विचारला होता, पण पौर्णिमेला तो आवडलेला दिसला. "'आणि' लावलं तर सगळ्या अटी खऱ्या लागतात. ज्याचं लग्न मोडलं पण लेकरू नाही, तो मग 'अ' मध्ये जाऊन बसतो. मागच्या वर्षी तसंच झालं होतं. तुम्हीच चूक काढली होती. 'किंवा'ला काय, एक अट खरी असली तरी पुरते."

केशवरावांना ते अर्धंच कळलं. मान मात्र त्यांनी पूर्ण हलवली.

"मग माह्या पुतणीचं नाव तिकडं कसं गेलं?"

"तिच्या एच किंवा आय मध्ये काहीतरी असणार. अकराही जणांच्या असणार. त्याशिवाय सूत्र 'ब' म्हणत नाही. फाईल उघडू दिली तर पाच मिनिटांत दाखवते."

"फाईल सील आहे."

"मग मूळ अर्ज तरी पाहा, काकाजी. ते अकोल्यालाच आहेत, मनोजकडे."

"म्हणजे आमच्या पोरीच्या अर्जात नवऱ्याचं नाव आमीच लिहिलं, असं म्हणता काय तुमी?"

पौर्णिमेने मान खाली घातली. "तसं मी म्हटलं नाही," ती हळूच म्हणाली.

केशवरावांनी डायरी काढली. 'संधी: होती', त्यांनी लिहिलं. 'हेतू: होता.' आणि खाली घातलेल्या मानेकडे एकदा पाहून तिसरी ओळ लिहिली: 'चेहऱ्यावर अपराध स्पष्ट.' तिन्ही ओळींखाली त्यांनी रेघ ओढली. गुन्हेगार सापडायला त्यांना वीस मिनिटं लागली होती.

३

रविवारपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. पण बुधवारी बाळापूरला एका घरी साक्षगंध होतं आणि पंगतीत सगळ्यांना एकच विषय होता. वरण-बट्टी आली, वांग्याची भाजी आली. शेजारचा एक जण म्हणाला, "केशवराव, लागला काय पत्ता?" झालं. ज्याला सगळं माहीत आहे, त्याला पंगतीत गप्प बसणं फार जड जातं.

"पत्ता काय लागायचा," केशवराव म्हणाले, आणि मुद्दाम चार पानांपलीकडे जाईल इतक्या आवाजात म्हणाले. "नावं लावणारी बाई नवऱ्यापासून आलेली आहे. जिचं सोताचं मोडलं, तिले दुसऱ्याचं जुळलेलं पाहावत नाई."

पन्नास-साठ माणसं जेवत होती. वाक्य ह्या टोकाकडून त्या टोकाला गेलं, तिथून बायकांच्या पंगतीत गेलं. कोणी तरी "अरे बाप्पा" म्हणालं. केशवरावांनी बट्टी कुस्करली.

वर्षाली वाढायला होती. तुपाची वाटी घेऊन ती त्यांच्या पानासमोर थांबली.

"मोठे बाबा, हे तुमाले कोणी सांगतलं?"

"कागद सांगतात, बेटा."

"कोणता कागद पाह्यला तुमी?"

केशवरावांनी बट्टीवर तूप वाढायची खूण केली. कागद असा त्यांनी एकही पाहिलेला नव्हता. एक डायरी होती, पण तीही त्यांचीच.

तेवढ्यात समोरच्या पानावरून बंडू बोलला. हा बाळापूरचाच, भाजीचा अडत्या, लग्नाचा. "काकाजी, एक सांगा मले. मीबी बाळापूरचा. माहं नाव 'अ' मध्येच आहे, जथी पायजे तथीच. वकीलसाहेबांच्या दोन पोरायचंबी बरोबर आहे. त्या बाईले बाळापूरवर राग होता, तर आमा तिघांवर दया काहून केली?"

आजूबाजूचे हसले. केशवराव हसले नाहीत. चौदा अर्ज, त्यांतले अकरा चूक आणि तीन बरोबर. हा हिशेब त्यांनी केलाच नव्हता.

"तू अर्ज कुठं भरला होता?" त्यांनी विचारलं.

"घरीच भरला, सोताच्या हातानं. वकिलाच्या पोरायनंबी घरीच भरला. फेब्रुवारीत तुमी शाळेत बसले होते ना टेबल मांडून? तुमच्या लायनीत दोन तास कोण उभं राहते?"

घास केशवरावांच्या हातातच राहिला.

४

गुरुवारी मनोजचं दुकान उघडायच्या आधी ते शटरसमोर उभे होते. अकोल्यातलं हे झेरॉक्सचं दुकान. बाळापूर-अकोल्याकडचे सगळे अर्ज मनोजनेच कॉम्प्युटरवर उतरवून अमरावतीला पाठवले होते. आता सगळी आशा ह्या माणसावर होती. त्याने काही घुसडलं असेल तर फार बरं होईल, असं केशवरावांना मनापासून वाटत होतं. आणि असं वाटतंय हे लक्षात येऊन त्यांना थोडी लाजही वाटली.

"मनोज, अर्जात नसलेलं तू काही टाकलं काय?"

"मी कायले टाकू, काकाजी? तुमीच दम देला होता ना, अक्कल लावू नको, कागदावर जे आहे तेच मार. तेच मारलं."

"रकाना रिकामा असला तर?"

"रिकामाच सोडला."

"कोणी आडवी रेघ मारली असली तर?"

"रेघ काय टाइप करायची? रेघ म्हणजे काही नाई. तेबी रिकामंच सोडलं." मनोजने डोकं खाजवलं. "पण शब्द असला तर शब्द मारला. दहा-अकरा जणांच्या त्या दोन रकान्यांत शब्द होता. सगळ्यांत एकच. मले वाटलं, कचेरीची काही भाषा असन, आपल्याले काय समजते."

"कोणता शब्द?"

मनोजने टेबलाखालून खोकं ओढलं. त्यातून बाळापूरचा गठ्ठा काढून त्याने काउंटरवर ठेवला.

"तुमीच पाहा," तो म्हणाला. "अक्षर लय सुंदर आहे."

५

निळ्या-काळ्या शाईत, वळणदार, प्रत्येक रेघ मोजून मारल्यासारखा शब्द होता: 'निरंक'. पूर्वीच्या लग्नाचा तपशील: निरंक. अपत्यं: निरंक. अकरा अर्ज, बावीस वेळा. अक्षर केशवरावांचं स्वतःचं होतं.

त्यांना तो फेब्रुवारीतला रविवार जसाच्या तसा आठवला. लोक म्हणाले होते, काकाजी, तुमचं अक्षर मोत्यासारखं, तुमीच भरून द्या. ते खुर्चीवर बसले होते आणि लोक रांगेत उभे होते. निवृत्तीनंतर पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्यासमोर रांगेत उभं राहिलं होतं. मग त्यांनी प्रत्येकाला शिकवलं होतं, की सरकारी कागदात रकाना कधी रिकामा ठेवायचा नाही. रिकामी जागा म्हणजे दुसऱ्याच्या पेनाला आमंत्रण. सांगण्यासारखं काही नसेल तर निरंक लिहायचं. छत्तीस वर्षांत त्यांनी एक रकाना रिकामा सोडला नव्हता. कचेरीतलं शेंबडं पोरही सांगेल की निरंक म्हणजे काही नाही.

पण सूत्राला कचेरीची भाषा येत नव्हती. रकान्यात काही आहे का, एवढंच त्याने विचारलं आणि रकान्यात तीन अक्षरं होती. अमरावतीच्या लोकांनी रकाने रिकामे सोडले, बंडूने रेघ मारली, ते सगळे सुटले. अडकले फक्त ते, ज्यांनी केशवरावांवर विश्वास ठेवला. त्यांतल्या तिसऱ्या अर्जावर वर्षालीचा फोटो होता.

ते मनोजच्या दुकानातल्या स्टुलावर बसले. पौर्णिमा सांगत होती, अर्ज पाहा. फाईल उघडू दिली तर पाच मिनिटांत दाखवते, असंही म्हणत होती. ती फाईल लाख लावून त्यांच्याच कपाटात पडली होती आणि तिची किल्ली ह्या क्षणी त्यांच्या कमरेला टोचत होती.

घरी आल्यावर बायकोने, आशाबाईने, ताट वाढलं. ते जेवले नाहीत. तिला त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना तिच्याकडे पाहणं मात्र जमलं नाही.

"चूक झाली तर झाली," आशाबाई म्हणाली. "अर्जाचं लोक समजून घेतीन. पण पंगतीत त्या बाईबद्दल बोलले, ते कोणत्या अर्जात लिहिलं होतं?"

दुपारी खुशालरावांचा फोन आला. "अहवाल झाला काय? खोलीसाठी आमी दुसरी व्यवस्था पाहून ठेवली. तुमचा शब्द म्हणजे शेवटचा."

एक क्षण, खरं तर एका क्षणाहून बराच जास्त वेळ, केशवरावांच्या मनात आलं की खोकं मनोजकडे आहे, पाकीट आपल्याकडे आहे, आणि ह्या दोन्ही गोष्टी एकत्र पाहायचं कोणाच्या डोक्यात येणार नाही. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याची खाडाखोड पकडली, त्याला कागद नाहीसा करायची युक्ती पहिल्या झटक्यात सुचली. ह्याची त्यांना सगळ्यात जास्त शरम वाटली. पंगतीतल्या वाक्यापेक्षाही जास्त.

त्यांनी डायरी काढून त्या तीन ओळी पुन्हा वाचल्या. नवऱ्याला सोडून आलेली, किंवा फाईल हातात असलेली, किंवा मान खाली घातलेली. त्यांना एकच अट पुरली होती. रकान्यात 'किंवा' ठीक होतं. माणसाला दोषी ठरवायला 'आणि' लागतं, आणि त्यांनी एकसुद्धा अट तपासली नव्हती.

"अहवाल तयार आहे," ते खुशालरावांना म्हणाले. "सभेत त्या बाईलेबी बसवा. समोर."

६

रविवारी सभागृहात दीडशे माणसं होती. बाळापूरहून पार्बताबाई आणि वर्षाली आल्या होत्या, बंडूही आला होता. पौर्णिमा पहिल्या रांगेत टोकाला बसली होती. तिच्या शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. गर्दीतही कोणी तिथे बसलं नव्हतं.

केशवरावांनी सगळ्यांसमोर लाख फोडली आणि पेनड्राइव्ह पौर्णिमेच्या हातात दिला. "मॅडम, भिंतीवर लावा. वर्षालीची ओळ काढा."

भिंतीवर ओळ आली. एच रकान्यात निरंक, आय रकान्यात निरंक, शेवटी 'ब'.

"आता तो शब्द पुसा."

तिने एचमधला शब्द पुसला. 'ब' तसाच राहिला. कोणीतरी मागून हसलं.

"एक अजून बाकी आहे," पौर्णिमा म्हणाली. "'किंवा' आहे ना." तिने आयमधला शब्द पुसला. त्याच सेकंदाला 'ब' जाऊन 'अ' झाला.

मग केशवरावांनी उरलेली दहा नावं एकेक करून वाचली आणि दर वेळी तसंच झालं. त्यांनी अर्ज वर धरून दाखवले.

"हे अक्षर कोणाचं, ते तुमाले सगळ्यांले माहीत आहे," ते म्हणाले. "मनोजनं जे होतं ते उतरवलं. सूत्रानं जे विचारायचं ते विचारलं. बाळापूरच्या माणसायनं माह्या भरवशावर सही केली. बाईंनी मले पहिल्याच दिवशी सांगतलं होतं की अर्ज पाहा. मी पाह्यले नाई, कारण मले त्यायचंच नाव पायजे होतं. अन् बुधवारी पंगतीत मी जे बोललो ते खोटं होतं. त्याले काहीच आधार नव्हता. मी माफी मागतो."

पौर्णिमा उभी राहिली. "चूक माझीही आहे," ती म्हणाली. "छापायच्या आधी 'ब'ची एकोणीस नावं एकदा डोळ्यांखालून घालायला हवी होती. सूत्र लावलं म्हणून मी निर्धास्त राहिले."

"म्हणजे तसा कोणाचाच दोष नाई," खुशालराव हसून म्हणाले. "शुद्धिपत्रक काढा अन् विषय संपवा." खोलीच्या दुसऱ्या व्यवस्थेचं त्यांनी नावही काढलं नाही.

दाराशी पार्बताबाईने सांगितलं, की रिद्धपूरहून पुन्हा फोन आला, गैरसमज झाला म्हणाले. "मग?" केशवरावांनी वर्षालीकडे पाहिलं.

"मी म्हटलं, विचार करून सांगतो," वर्षाली म्हणाली. "जे घर एक पान पाहून फोन ठेवते, त्याचा विचार करा लागते."

शुद्धिपत्रकाचा मजकूर केशवरावांनी घरूनच लिहून आणला होता. क्लासच्या खोलीत पौर्णिमा टाइप करायला बसली आणि ते बाजूच्या खुर्चीवर बसून सांगू लागले. "सदर अकरा उपवरांची नावे नजरचुकीने विभाग 'ब' मध्ये छापली गेली. त्यामुळे त्यांची जी बदनामी झाली..."

तिची बोटं थांबली.

"काकाजी, 'ब' मध्ये एकोणीस नावं आहेत. अकरा चुकीची. उरलेली आठ तुम्ही वाचली का?"

"ती बरोबर आहेत ना?"

"बरोबर आहेत. चौदावं माझं आहे."

केशवरावांनी पुस्तिका उघडली. आठवडाभर हे पान त्यांनी इतक्या वेळा पाहिलं होतं की त्याचे कोपरे दुमडले होते. चौदावं नाव: पौर्णिमा खुळे, वय चौतीस, भातकुली. अकरा नावांखाली त्यांनी लाल रेघा मारल्या होत्या. ह्या आठांवरून त्यांची नजर नुसती सरकत गेली होती, जणू ती जागा मोकळीच होती.

"त्या पानावर नाव येणं ही बदनामी असेल," पौर्णिमा म्हणाली, "तर मी ती स्वतःच्या हाताने टाइप केली आहे. काय लिहू, ते सांगा."

आवाजात राग नव्हता. राग असता तर त्यांना सोपं गेलं असतं. त्यांनी पुस्तिका मिटली. शेवटी म्हणाले, "ते वाक्यच काढा. एवढंच ठेवा, की अर्ज भरताना केशवराव धनोकार यांची चूक झाली."

तिने तेवढंच टाइप केलं.

७

परतीच्या बसमध्ये त्यांना खिडकीची जागा मिळाली. मूर्तिजापूर आलं तेव्हा फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"केशवराव धनोकार बोलता ना? मी तेल्हाऱ्याहून बोलून राहिलो. पुस्तकात अकोल्यासाठी तुमचा नंबर देला आहे. पान एकशे अठरावरच्या एका पोरीचं विचारायचं होतं. पौर्णिमा खुळे. माह्या पोराची बायको दोन वर्षांखाली वारली. हे स्थळ आमाले बरं वाटलं. पण म्हणतात त्या पानावरची नावं चुकली आहेत. हे नाव चुकून तर नाई ना आलं?"

"नाई," केशवराव म्हणाले. "ते नाव बरोबर आहे."

"बरं झालं बाप्पा." माणूस म्हणाला. "दुसरं असं की, बाई मनानं बरी नाई म्हणतात. दुसऱ्याचं जुळलेलं तिले पाहावत नाई म्हणे. आमच्या साळ्यानं बाळापूरच्या साक्षगंधात ऐकलं. कोणी मोठा माणूस सांगत होता, कचेरीतला. तुमी ओळखता काय त्याले?"

बस उभी होती. समोरच्या सीटवरची बाई लेकराला पाणी पाजत होती. सभेत दीडशे माणसांपुढे बोलणं जमलं होतं, पण ते वाक्य सभेच्या आधीच तेल्हाऱ्यापर्यंत पोचलं होतं, आणि आणखी कुठे कुठे पोचलं असेल ते त्यांना कधीच कळणार नव्हतं.

"ओळखतो," केशवराव म्हणाले. "मीच आहे तो. अन् ते मी खोटं बोललो होतो."

त्या माणसाने अगदी साधेपणाने विचारलं, "मग आता खरं बोलून राहिले कशावरून?"

केशवरावांचा हात सवयीने डायरीकडे गेला. कागद दाखवता आला असता तर त्यांनी दाखवला असता. फोनवर त्यांच्याजवळ नुसता शब्द होता, आणि त्या शब्दाची काय किंमत उरली होती ते समोरच्याने आताच सांगितलं होतं.

"माह्या सांगण्यावर जाऊ नका," ते म्हणाले. "तुमी सोता अमरावतीले जा. तिले भेटा. पोराले घेऊन जा."

"पाहतो," असं म्हणून त्या माणसाने फोन ठेवला. तो जाईल की नाही, हे त्याच्या आवाजावरून काही कळलं नाही.